आकृतीपासून बनवलेल्या ब्रशभोवती फिकट चौकट उमटते, त्याचे निवारण

लग्नपत्रिकेच्या मागील बाजूस अक्षता विखुरल्याचा भास व्हावा, म्हणून मी फोटोशॉपमध्ये तांदळाच्या दाण्याचा एक ब्रश तयार केला होता. कागदावर काळ्या शाईने एक लंबगोल काढला, तो स्कॅन केला, कापून घेतला आणि ‘एडिट’ मेनूतील ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ ही आज्ञा दिली. याहून अधिक काही केले नव्हते. पडद्यावर काम देखणे दिसत होते. गिरगावातील एका छापखान्यात पहिले प्रूफ हाती आले तेव्हा मात्र प्रत्येक दाण्यामागे कुंकवाच्या रंगाची एक फिकट चौकट दिसली, आणि जिथे दाणे दाट पडले होते तिथे त्या चौकटी एकमेकींवर चढून गोणपाटासारखे जाळे तयार झाले होते. मी यंत्राला दोष देऊ लागलो, तेव्हा छपाईवर देखरेख करणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, यंत्र तुमच्या फाइलमध्ये जे आहे तेच छापतं.” घरी येऊन फाइल सहापट मोठी करून पाहिली आणि त्यांचे म्हणणे खरे निघाले.

त्यानंतर हीच तक्रार मी दरवर्षी ऐकत आलो आहे. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांचे अहवाल आणि फलक तयार होऊ लागले, की ओळखीचे कोणी ना कोणी फाइल पाठवून विचारते, की पाकळ्यांच्या मागे हा मळकट पट्टा कुठून आला. फाइली वेगळ्या असतात, आकृत्या वेगळ्या असतात, कारण बहुतेक वेळा एकच असते. म्हणून ते कारण, त्याची खात्री करण्याची रीत आणि उपाय येथे एकत्र लिहीत आहे. त्याच मुळातून येणाऱ्या इतर काही अडचणीही ओघात घेतल्या आहेत.

ब्रश नेमके काय लक्षात ठेवतो

फोटोशॉपमधील ब्रशचे टोक म्हणजे रंगीत चित्र नसते. आज्ञा देताच त्या चित्रातील सर्व रंग टाकून दिले जातात आणि केवळ उजेड-अंधाराचा एक नकाशा उरतो. जिथे पूर्ण काळे असते तिथे ब्रश पूर्ण रंग सोडतो, जिथे पूर्ण पांढरे असते तिथे काहीच सोडत नाही, आणि मधल्या प्रत्येक करड्या छटेला तिच्या गडदपणाच्या प्रमाणात रंग मिळतो. काळ्याची किंमत ० आणि पांढऱ्याची २५५ धरली, तर सगळा प्रश्न या ‘पूर्ण’ शब्दात अडकलेला आहे. स्कॅन केलेला कागद आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो, पण त्याची किंमत क्वचितच २५५ भरते. ती २५०, २४६, कोपऱ्यात कधी २३८ अशी असते. आपण ज्याला पार्श्वभूमी समजून विसरून जातो, ती ब्रशच्या दृष्टीने आकृतीचाच एक फिकट भाग असते.

येथे थोडे गणित करून पाहणे आवश्यक आहे, कारण चौकट एका ठशात (ब्रशच्या एका क्लिकने उमटणाऱ्या आकृतीत) का दिसत नाही आणि रेघ ओढल्यावर का दिसते, हे त्याशिवाय कळत नाही. कागदाची किंमत २५० असेल, तर पूर्ण पांढऱ्यापासून तो ५ ने कमी पडतो. २५५ मध्ये ५ म्हणजे साधारण २ टक्के. एकदा क्लिक केल्यावर चौकटीत २ टक्के रंग पडतो आणि तो सामान्य पडद्यावर कुणाच्याही नजरेस येत नाही. परंतु नव्या ब्रशमधील दोन ठशांतील अंतर, म्हणजे ‘स्पेसिंग’, २५ टक्के असेल, तर ओढलेल्या रेघेतील प्रत्येक जागेवरून चार ठसे जातात. चार वेळा २ टक्के रंग चढला, की तिथे साडेसात टक्क्यांच्या आसपास रंग साचतो. ‘स्कॅटरिंग’, म्हणजे ठसे इकडेतिकडे विखुरण्याची सोय, चालू करून एकाच जागी अनेक दाणे पाडले, तर आकडा आणखी वर जातो. साडेसात टक्के कुंकू-लाल रंग पांढऱ्या शुभ्र आर्ट पेपरवर स्पष्ट दिसतो, आणि माझ्या पत्रिकेवर तो तसाच दिसला होता.

मुंबईच्या पावसाळ्यात ही अडचण वाढते, असा माझा अनुभव आहे. जुलै महिन्यात जाडसर चित्रकागद ओलसर हवेने वाकतो, स्कॅनरच्या काचेवर सपाट बसत नाही, आणि जिथे तो काचेपासून उचलला जातो तिथे सावली पडते. ही सावली एकसारखी नसल्यामुळे चौकटीची एक कड गडद आणि दुसरी फिकट उमटते, आणि मग दोष ब्रशचा आहे हे ओळखणेही कठीण होते. कागदावर जड पुस्तक ठेवून तो रात्रभर दाबून घ्यावा आणि मगच स्कॅन करावा. हा सल्ला जुन्या पद्धतीचा वाटेल, पण पुढची बरीच साफसफाई त्यामुळे वाचते.

खात्री आणि साफसफाई

मूळ आकृतीची फाइल उघडावी आणि तिच्यावर ‘थ्रेशोल्ड’ हा अॅडजस्टमेंट लेअर, म्हणजे मूळ चित्र न बदलता त्याचे रूप बदलणारा वरचा थर, चढवून त्याची किंमत २५५ ठेवावी. या स्थितीत जे पिक्सेल पूर्ण पांढरे आहेत तेवढेच पांढरे राहतात आणि बाकी सर्व काळे होतात. मी माझ्या अक्षतेच्या फाइलवर हे केले तेव्हा सबंध चौकट काळी झाली. तो क्षण थोडा लाजिरवाणा होता. ज्यांची फाइल स्वच्छ आहे त्यांना फक्त आकृती आणि तिची अगदी बारीक कड काळी दिसेल. जेपीईजी स्वरूपातील चित्र इंटरनेटवरून उतरवून घेतले असेल, तर आकृतीभोवती माशा बसल्यासारखे ठिपके दिसतील. ते त्या स्वरूपातील दाबणीमुळे येतात आणि तेही ब्रशमध्ये जातात. खात्री झाली की हा लेअर काढून टाकावा. तो तसाच ठेवून ब्रश तयार केला, तर आणखी एक नवी भानगड उभी राहते.

साफसफाईसाठी ‘लेव्हल्स’ वापरावे. कंट्रोल आणि एल या कळा दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यातील उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवून २३५ च्या आसपास आणावा आणि डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे ३० पर्यंत न्यावा. याचा अर्थ असा, की २३५ हून उजळ असलेले सर्व काही आता पूर्ण पांढरे झाले आणि ३० हून गडद असलेले सर्व पूर्ण काळे झाले. मधल्या छटा मात्र शिल्लक राहिल्या, आणि त्या राहणे गरजेचे आहे. कोपऱ्यातील सावली २३५ च्याही खाली असेल, तर त्रिकोण आणखी ओढून आकृती खराब करण्यापेक्षा तो कोपरा पांढऱ्या रंगाने सरळ पुसून टाकावा. पुन्हा थ्रेशोल्ड लावून पाहावे. स्वच्छ झाले असेल तर ब्रश नव्याने तयार करावा.

‘नव्याने’ या शब्दावर मी मुद्दाम भर देत आहे. मूळ चित्र स्वच्छ केल्याने आधी तयार झालेला ब्रश स्वच्छ होत नाही, कारण ब्रशने स्वतःची प्रत केव्हाच काढून घेतलेली असते. अनेक जण चित्र सुधारतात, पुन्हा जुनाच ब्रश हातात घेतात आणि उपाय लागू पडला नाही अशी तक्रार करतात. जुना ब्रश यादीतून काढून टाकावा, किंवा निदान नव्याला असे नाव द्यावे की घाईत गोंधळ होणार नाही.

आकृती खरोखर साधी असेल, म्हणजे गोल, त्रिकोण, लंबगोल, पान, तर स्कॅन करण्याचा खटाटोप करूच नये, असे माझे मत आहे. कोऱ्या पांढऱ्या फाइलवर शेप टूलने ती आकृती पूर्ण काळ्या रंगात काढली, की चौकटीचा प्रश्न जन्मालाच येत नाही. हाताच्या रेषेतील थरथर हवी असेल तेव्हाच स्कॅनकडे वळावे.

ज्यांचे काम याआधीच रंगवून झाले आहे आणि छापखान्याची वेळ उद्या सकाळची आहे, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे; मी त्या रात्री तोच वापरला. अक्षता वेगळ्या लेअरवर असल्या पाहिजेत, ही एकच अट. कंट्रोल दाबून त्या लेअरच्या छोट्या चित्रावर क्लिक केले, की त्याच्या पारदर्शकतेची निवड तयार होते. फिकट भागांभोवती हलत्या रेषा दिसत नाहीत आणि कधी तसा इशाराही येतो, पण निवड झालेली असते. आता लेअर मास्क, म्हणजे लेअरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, जोडावा. या मास्कमध्ये दाणे पांढरे असतात आणि चौकटी जवळजवळ काळ्या, करड्या असतात. मास्क निवडून लेव्हल्स उघडावे आणि काळा त्रिकोण ३० किंवा ४० पर्यंत न्यावा. चौकटी पूर्ण काळ्या होतात, म्हणजे झाकल्या जातात, आणि दाणे जागेवर राहतात. दाण्यांची कड किंचित बारीक होते. ते मी स्वीकारले. हीच निवड व हाच मास्क अनेक रंगांच्या अक्षतांवरही चालतो, कारण त्याचा संबंध रंगाशी नसून पारदर्शकतेशी आहे.

ब्रश फिकट किंवा उलटा उमटतो

वरील नकाशाची कल्पना पक्की झाली, की आणखी दोन तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. पहिली म्हणजे, झेंडूच्या फुलाचा ब्रश केला आणि तो जवळजवळ दिसतच नाही. फूल पिवळ्या रंगात काढलेले असते. पिवळ्याचे करड्यात रूपांतर झाले, की तो पांढऱ्याच्या फार जवळ जातो, म्हणून ब्रश अगदी थोडा रंग सोडतो. फूल काळ्यात काढावे, आणि पिवळा रंग रंगवण्याच्या वेळी निवडावा. ब्रश नेहमी त्या क्षणी निवडलेला फोरग्राउंड रंगच, म्हणजे रंगवण्याचा चालू रंगच, वापरतो. छापखान्याच्या सवयीमुळे सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) फाइलमध्येच ब्रश बनवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की तिथला केवळ काळ्या शाईचा १०० टक्के काळा हा आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत) आणल्यावर पूर्ण शून्यावर जात नाही, किंचित करडा राहतो. म्हणून ब्रशसाठीची फाइल आरजीबी किंवा ग्रेस्केल (फक्त करड्या छटांची) ठेवावी. छपाईची फाइल सीएमवायके असण्यास हरकत नाही.

दुसरी तक्रार वारली चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्यांकडून येते. वारली शैली या कामासाठी फार सोयीची आहे, कारण तिचा संसारच वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभा आहे. माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. परंतु ही चित्रे परंपरेने गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, म्हणजे गडदावर पांढरी, काढली जातात, आणि विद्यार्थी तसेच गेरूच्या रंगावर पांढरे माणूस काढून त्याचा ब्रश करतात. नकाशात गेरू गडद आणि माणूस पांढरा असल्यामुळे ब्रश चौकट रंगवतो आणि माणसाच्या जागी भोक ठेवतो. कंट्रोल आणि आय दाबून चित्र उलटे करावे, लेव्हल्सने पार्श्वभूमी पूर्ण पांढरी करावी, मग ब्रश तयार करावा, आणि गेरूवर रंगवताना फोरग्राउंडला पांढरा रंग घ्यावा. या वारली आकृत्यांची आणखी एक खोड आहे. ब्रशचे माप ४० पिक्सेलपर्यंत खाली आणले, की दोन त्रिकोण जिथे भेटतात तो सांधा एका पिक्सेलहून बारीक होतो, त्याची छटा फिकट पडते आणि नाचणारे सगळे लोक कमरेत तुटलेले दिसतात. सांधा मूळ आकृतीतच थोडा जाड ठेवावा. मोठ्या मापात तो खटकला तर दोन मापांसाठी दोन ब्रश करावेत.

कारण नसताना ब्रश एकाएकी फिकट झाला असेल, तर आधी वरच्या पट्टीतील ‘ऑपॅसिटी’, म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा, पाहावी. ब्रश हातात असताना चुकून अंकाची कळ दाबली गेली, तर ऑपॅसिटी बदलते. १ दाबला की ती थेट १० टक्क्यांवर येते. शिफ्टसह अंक दाबला तर ‘फ्लो’, म्हणजे प्रत्येक ठशाला पडणाऱ्या रंगाचे प्रमाण, बदलतो. मी यावर अर्धा तास घालवलेला आहे, म्हणून सांगतो.

कड दातेरी किंवा धूसर होते

चौकट घालवण्याच्या उत्साहात काही जण लेव्हल्सऐवजी थ्रेशोल्डच कायमचा लावतात. त्याने चौकट जाते, पण कडेवरील करड्या छटाही जातात आणि लंबगोलाची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसू लागते. त्या छटांमुळेच कड डोळ्यांना गुळगुळीत वाटते, म्हणून मघाशी मधल्या छटा राखायला सांगितले. उलट बाजूने, कड आणखी टोकदार व्हावी म्हणून ‘हार्डनेस’ शोधणाऱ्यांना तो पर्याय बंद आढळतो; चित्रातून घेतलेल्या टोकाला हार्डनेस नसतो, तो फक्त फोटोशॉपच्या स्वतःच्या गोल टोकांना असतो. जी काही कड हवी ती मूळ चित्रातच घडवावी लागते.

धूसरपणाचे कारण बहुधा माप असते. ८० पिक्सेलची आकृती पकडून ती फलकावर ९०० पिक्सेलला फुगवली, तर तिच्यात नसलेला तपशील कुठून येणार? छपाईच्या ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) मापाने १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ११८१ पिक्सेल होतात, हे लक्षात घेऊन ब्रशची आकृती सर्वांत मोठ्या वापराच्या मापाने काढावी. मोठा ब्रश लहान करता येतो. लहान ब्रश मोठा केला की उघडा पडतो. याला वरची मर्यादा आहे. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीच्या मदत-पानांत आकृतीसाठी २५०० गुणिले २५०० पिक्सेल ही कमाल मर्यादा दिलेली आहे, आणि सीएस६ आवृत्तीपासून रंगवताना ब्रशचे माप ५००० पिक्सेलपर्यंत वाढवता येते. अति मोठी निवड करून ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ ही ओळ करडी, बंद दिसत असेल, तर प्रथम मापाचा संशय घ्यावा.

तोरण: अंतर आणि दिशा

साध्या आकृतींच्या ब्रशचा सर्वांत चांगला उपयोग किनारीसाठी होतो आणि सर्वांत जास्त डोकेदुखीही तिथेच होते. आंब्याच्या पानांचे तोरण काढायला घेतले आणि पानांऐवजी एक जाड हिरवी दोरी उमटली, तर त्याचे कारण स्पेसिंग आहे. २५ टक्क्यांवर पाने एकमेकांवर चढतात. एफ५ दाबून ‘ब्रश सेटिंग्ज’ ही खिडकी उघडावी (२०१८ च्या आवृत्तीपूर्वी तिचे नाव नुसते ‘ब्रश’ होते) आणि ‘ब्रश टिप शेप’मध्ये स्पेसिंग १०० टक्के करावे, ते १००० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. ही टक्केवारी टोकाच्या मापावर मोजली जाते, म्हणून आकृती फार लांबोडकी असेल तर हिशेब बिनसतो. मी एक पान न घेता तीन पानांचा झुबका घेतो, तो चौरसात नेमका बसवतो आणि त्याचाच ब्रश करतो. नेमका बसवणे महत्त्वाचे, कारण ब्रश बनवताना फोटोशॉप आकृतीभोवतीची पांढरी मोकळी जागा कापून टाकते. आपण मोजून ठेवलेला समास ब्रशमध्ये येत नाही. दोरीही ब्रशमध्ये घेऊ नये. दोन ठशांच्या सांध्यावर ती केसभर तुटलेली दिसते, त्यापेक्षा नंतर एक सलग रेघ ओढणे सोपे.

किनारीच्या शेवटी अर्धेच पान येते, ही तक्रार ब्रशची नसून भागाकाराची आहे. पाच इंच गुणिले सात इंच पत्रिका ३०० पीपीआयला १५०० गुणिले २१०० पिक्सेल असते. झुबक्याचे माप १२० पिक्सेल ठेवले, तर रुंदीत साडेबारा आणि उंचीत साडेसतरा झुबके बसतात. म्हणजे दोन्हीकडे अर्धा उरतोच. तेच माप १०० केले तर १५ आणि २१, १५० केले तर १० आणि १४ झुबके पूर्ण बसतात. ठशाचा मध्य क्लिकच्या जागी पडतो, म्हणून पहिली क्लिक कडेवर न करता अर्ध्या मापाइतकी आत करावी, आणि शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करावे, म्हणजे रेघ सरळ जाते.

तोरण चारही बाजूंनी वळवायचे असेल, तर ‘शेप डायनॅमिक्स’मध्ये ‘अँगल जिटर’खालील (म्हणजे ठशाच्या कोनातील अनियमित बदलाखालील) ‘कंट्रोल’ला ‘डायरेक्शन’ निवडावे आणि जिटर शून्य ठेवावा. येथे अनेकांचे तोरण बिघडते. वरच्या बाजूची पाने खाली लोंबतात, आणि पुढच्या वेळी तीच बाजू उजवीकडून डावीकडे ओढली की ती आकाशाकडे पाहू लागतात. ब्रश आकृतीची मूळ स्थिती ही डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या रेघेसाठी धरतो आणि दिशा बदलली की तेवढाच फिरतो. उलट दिशेने गेल्यास तो पुरता उलटा होतो. म्हणून पाने खाली लोंबणारी काढावीत आणि पत्रिकेभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरावे. तसे केल्यास उजव्या बाजूची पाने डावीकडे, खालची वर आणि डावीकडची उजवीकडे, म्हणजे सगळी आत वळतात. देवळाला प्रदक्षिणा घालतो तीच दिशा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि ते विसरत नाहीत.

गिम्प आणि क्रिता

गिम्प आणि क्रिता हे चित्रकामाचे दुसरे दोन प्रोग्रॅम. गिम्पमध्येही चौकट येते, पण तिचे कारण वेगळे असते, म्हणून फोटोशॉपचा उपाय तिथे जसाच्या तसा चालत नाही. गिम्प रंगीत ब्रश स्वीकारतो. आरजीबी फाइलमधील आकृती, पांढऱ्या पार्श्वभूमीसह, ब्रश म्हणून निर्यात केली किंवा कॉपी करून क्लिपबोर्डचा ब्रश वापरला, तर ती पांढरी पार्श्वभूमीही रंग म्हणून उमटते. पांढऱ्या कागदावर ती दिसत नाही. शेंदरी कागदावर काम सुरू केले, की प्रत्येक आकृती पांढऱ्या पाटावर बसलेली दिसते, आणि फोरग्राउंड रंग बदलूनही फरक पडत नाही. ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’मधून फाइल ग्रेस्केल करावी, लेअरचा अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) काढून टाकावा, पार्श्वभूमी पूर्ण पांढरी असल्याची खात्री करावी आणि ‘एक्स्पोर्ट अॅज’मधून नावाला जीबीआर हा (गिम्पच्या ब्रशफाइलचा) विस्तार देऊन ती फाइल ब्रशच्या फोल्डरमध्ये ठेवावी. त्या फोल्डरचा पत्ता ‘प्रेफरन्सेस’मधील ‘फोल्डर्स’खाली मिळतो. ब्रश यादीत दिसला नाही, तर यादीखालचे ताजे करण्याचे बटण दाबावे. फाइल ठेवल्याबरोबर यादी स्वतःहून बदलत नाही. आणि क्लिपबोर्डचा ब्रश पुढची कॉपी केली की नाहीसा होतो, त्यामुळे आवडलेली आकृती ‘पेस्ट अॅज’मधील ‘न्यू ब्रश’ने लगेच साठवावी.

अक्षतांसाठी गिम्पची एक सोय मला फोटोशॉपहून उजवी वाटते. चार-पाच वेगवेगळे दाणे वेगवेगळ्या लेअरवर ठेवून फाइल जीआयएच या (अनेक आकृत्यांच्या ब्रशच्या) स्वरूपात निर्यात केली आणि क्रम यादृच्छिक ठेवला, तर प्रत्येक ठशाला निराळा दाणा पडतो. एकच दाणा कितीही फिरवला तरी डोळ्यांना सारखेपणा जाणवतो. येथे तो जाणवत नाही.

क्रितामध्ये रंगीत टोक निवडल्यावर ब्रश एडिटरमधील ब्रश मोड ‘अल्फा मास्क’ आहे ना, एवढे पाहावे. तो तसा असला, की टोक फोटोशॉपसारखेच उजेड-अंधाराच्या नकाशावर चालते.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

ब्रशच्या आकाराऐवजी फुलीसारखा कर्सर दिसत असेल, तर कॅप्स लॉक चालू आहे. सेटिंग्जमध्ये स्पेसिंग, दिशा वगैरे सर्व नीट बसवून दुसरा ब्रश घेतला आणि परत आल्यावर सगळे जुन्यासारखे झाले, तर त्यात बिघाड नाही. बदललेला ब्रश ‘न्यू ब्रश प्रीसेट’ने पुन्हा साठवावा लागतो, आणि माप कायम राहावे असे वाटत असेल तर त्या वेळी ‘कॅप्चर ब्रश साइझ इन प्रीसेट’ या चौकोनात खूण करावी. याउलट, कधीही न मागितलेले स्कॅटरिंग प्रत्येक ब्रशला चिकटत असेल, तर ब्रश सेटिंग्जमध्ये त्या नावापुढचे छोटे कुलूप बंद झालेले असते, ते उघडावे. तयार ब्रश निवडून एबीआर (फोटोशॉपच्या ब्रशची) फाइल म्हणून पेन ड्राइव्हवरही ठेवावेत, कारण प्रोग्रॅमच्या प्रेफरन्सेस नव्याने सुरू करण्याची वेळ आली, की यादीतले ब्रश त्याबरोबर जाऊ शकतात.

डायरेक्शन वापरताना एक दोष मात्र मला पूर्णपणे घालवता आलेला नाही. पहिला ठसा पडतो तेव्हा हात हललेलाच नसतो, त्यामुळे ब्रशला दिशा कळत नाही आणि पहिला झुबका अनेकदा वाकडा पडतो. रेघ पत्रिकेच्या कडेबाहेरून सुरू केली तर तो छापाच्या बाहेर राहतो, पण मग वरचा १५ झुबक्यांचा हिशेब एका झुबक्याने सरकवून घ्यावा लागतो. कोपऱ्यावर बाहेरून येणे शक्य नसते, तिथे मी आजही तो पहिला झुबका खोडरबराने पुसतो आणि जागेवर एक सरळ ठसा हाताने बसवतो.